दोन खूर, दोन कोकरं

रात्री साडेअकराला फोन वाजला की पलीकडचा आवाज ऐकण्याआधी मला महिना आठवतो. कार्तिक-मार्गशीर्ष असेल, तर बहुतेक मेंढी अडलेली असते. आपल्याकडची दख्खनी मेंढी वर्षात कधीही माजावर येऊ शकते. पण मृगाचा पाऊस पडून रानात कोवळं गवत आलं की बऱ्याच मेंढ्या एकदम फळतात, आणि पाच महिन्यांनी, म्हणजे दिवाळीच्या पुढेमागे, त्यांची विण्याची घाई उडते. दीडशे दिवसांचा हिशोब आहे. चार-पाच दिवस इकडे किंवा तिकडे.

त्या रात्रीचा फोन माण तालुक्यातल्या एका वस्तीवरून होता. घरी तीन एकर कोरडवाहू, चौदा मेंढ्या, दोन शेळ्या. मुलगा ऊसतोडीच्या टोळीबरोबर बाहेरगावी गेलेला. घरात साठी ओलांडलेली आजी आणि सात महिन्यांची गरोदर सून. आजी म्हणाली, ‘‘डाक्टर, सांजच्यापासनं कळा देतीया. एक पाय भाईर आलाय, पर म्होरं काय हुईना. शेजारच्यानं वढून बगितलं.’’ शेवटचं वाक्य ऐकून मी चपला शोधल्या.

मेंढीचं बाळंतपण नीट चाललं असेल, तर त्यात माणसाला करण्यासारखं काही नसतं. दूर बसावं आणि बघावं. आधी तिची कास भरते, शेपटीच्या दोन्ही बाजूंचे स्नायू सैल पडून तिथे खळगे दिसू लागतात. मग ती कळपातून बाजूला होते, पुढच्या पायाने माती उकरते, बसते, उठते, पुन्हा बसते. गर्भाशयाचं तोंड उघडायला काही तास लागतात, आणि त्या वेळात तिला हलवलं, हाकललं, चार माणसं भोवती जमवली की काम लांबतं. त्यानंतर पाणमोट दिसते, फुटते आणि जोराच्या कळा सुरू होतात. इथून घड्याळ बघायचं. जोरकस कळा येऊनही अर्ध्या-पाऊण तासात काही पुढे सरकलं नाही, तर आत काहीतरी चुकलेलं आहे असं धरून चालावं. आजीच्या मेंढीचे तोवर चार तास गेले होते.

सरळ येणारं कोकरू पोहणाऱ्या माणसासारखं येतं. पुढचे दोन्ही पाय लांब केलेले आणि त्यांवर हनुवटी टेकवलेली. दोन खूर आणि मागोमाग नाक दिसलं की निम्मी काळजी मिटते. माणसाचं मूल डोक्याकडून येतं, हात अंगाशी धरून. मेंढीत पाय पुढे आले नाहीत तर खांदे अडकतात. डोकं बाहेर आणि दोन्ही पाय आत राहिले, तर कळांच्या दाबाने डोकं आणि जीभ सुजून निळी पडते. उलटही होतं. पाय येतात आणि डोकं मागे पाठीकडे वळलेलं राहतं. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, पाय तर आलेत, ओढा. पण ओढाल तितकी मान मागे मुडपत जाते.

आणि काही कोकरं मागच्या पायांनी येतात. माणसांत अशा मुलाला आपण पायाळू म्हणतो. पायाळू माणसाने लाथ मारली की पाठीत भरलेली चमक जाते, अशी आमच्याकडची समजूत. मला एकदा एका पायाळू आजोबांनी लाथ मारली आहे. चमक चार दिवसांनी गेली, तशीही जाणारच होती. कोकरू मागच्या दोन्ही पायांनी येत असेल तर ते तसंच काढता येतं, वळवायच्या भानगडीत पडू नये. फक्त कंबर बाहेर आल्यानंतर वेळ घालवायचा नाही. तेव्हा नाळ मेंढीच्या हाडांत दाबली जाते आणि डोकं अजून पाण्यातच असतं. ते कोकरू त्याच क्षणी श्वास घ्यायला बघतं.

मी पोचलो तेव्हा मेंढी गोठ्याच्या कोपऱ्यात आडवी पडली होती, मान लांब करून. सून मोबाइलचा उजेड धरून तिच्या शेपटीशी उकिडवी बसलेली. एका हाताने उजेड आणि दुसऱ्या हाताने बाहेर आलेला पाय पुसणं चाललं होतं. मी पहिलं काम मेंढीला हात लावण्याचं केलं नाही. सुनेला म्हटलं, ‘‘बाळ, तू उठ. साबणानं कोपरापर्यंत हात धू, लुगडं बदल आणि घरात बस. उजेड मी डोक्याला बांधतो.’’

आजीला ते मुळीच आवडलं नाही. ‘‘आवं, आमी समद्यांनी पोटात पोर घिऊन मेंढरं काढल्यात. हिलाच काय झालं?’’

हा प्रश्न मला दर हंगामात कोणीतरी विचारतं. त्याचं उत्तर मेंढीच्या पाण्यात, वारेत आणि गाभडलेल्या गर्भात असतं. मेंढ्या-शेळ्यांमध्ये गर्भपात घडवणारे जे जंतू आहेत, त्यांतले बरेचसे वारेत आणि गर्भजलात भरमसाट वाढतात. ब्रुसेला, क्लॅमिडिया, क्यू फीव्हरचा कॉक्सिएला, लिस्टेरिया आणि मांजराच्या विष्ठेतून मेंढीपर्यंत पोचणारा टॉक्सोप्लाझ्मा. मेंढीत जे गर्भापर्यंत पोचतात ते गरोदर बाईतही पोचू शकतात. ब्रिटनमध्ये दर वर्षी मेंढ्यांचा हंगाम आला की सरकारी आरोग्य यंत्रणा गरोदर बायकांसाठी सूचना काढते: विणाऱ्या मेंढ्यांजवळ जाऊ नका, नवजात कोकरू हाताळू नका, त्या कामाचे कपडेही धुऊ नका. आपल्याकडे निम्मं काम बायकाच करतात, आणि ही सूचना कोणी त्यांच्यापर्यंत पोचवत नाही. गरोदरपणाच्या तपासणीला गेलेल्या बाईला ‘घरात मेंढ्या-शेळ्या आहेत का’ एवढं एक वाक्य विचारलं, तरी पुष्कळ काम होईल.

क्यू फीव्हरमधला ‘क्यू’ म्हणजे ‘क्वेरी’, अर्थात प्रश्नचिन्ह. 1930च्या दशकात ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेनच्या कत्तलखान्यातल्या कामगारांना येणारा ताप एडवर्ड डेरिक या डॉक्टरने तपासला, कारण कळेना म्हणून हे नाव दिलं, आणि कारण सापडल्यावरही तेच राहिलं. 2007 ते 2010 या काळात नेदरलँड्समध्ये शेळ्यांच्या गोठ्यांतून या तापाची मोठी साथ आली. चार हजारांहून जास्त माणसांना लागण नोंदली गेली, आणि त्यांतल्या अनेकांनी शेळीला कधी हातही लावलेला नव्हता. वाळलेल्या वारेचा, लेंड्यांचा धुरळा वाऱ्याने गेला, तेवढं पुरलं.

सून घरात गेली. मी हातमोजे चढवले. नोकरीच्या पहिल्या दहा वर्षांत मी ते घालत नसे. हाताला कळत नाही, असं कारण सांगायचो. माझ्याबरोबरच्या दोघांना ब्रुसेला झाल्यानंतर हाताला कळू लागलं.

कोमट पाणी, मेंढीचा मागचा भाग धुऊन घेणं, नखं कापलेली, आणि भरपूर वंगण. आत हात घालताना साबणाचा फेस वापरू नये. तो आतला नैसर्गिक बुळबुळीतपणा धुऊन टाकतो, आणि चार तासांत तो तसाही संपत आलेला असतो. वंगणाचा खास जेल मिळतो, नाहीतर लिक्विड पॅराफिन. बोटं चोचीसारखी जुळवून, कळ थांबली की आत सरकायचं, कळ आली की थांबायचं. मेंढीचा हा मार्ग गाईसारखा ऐसपैस नाही. तीस किलोचं जनावर, त्यात माझा हात. या कामाला बायकांचे लहान हात फार चांगले. आजीचाच हात माझ्यापेक्षा योग्य होता, पण तिला शिकवायला कोणी आलं नव्हतं.

बाहेर एक पाय होता. आत हाताला दुसरा लागला. एखाद्याला वाटलं असतं, झालं, दोन पाय मिळाले, आता डोकं शोधा. पण पाय सापडला की तो पुढचा की मागचा, हे आधी ठरवायचं. डोळ्यांनी दिसत नाही, बोटांनी वाचायचं असतं. खुरापासून वर जाताना पुढच्या पायाचे पहिले दोन सांधे एकाच दिशेला वाकतात. मागच्या पायाचे दोन सांधे एकमेकांच्या उलट वाकतात, आणि वरच्या सांध्याला मागे एक टोक लागतं, आपल्या टाचेसारखं. बाहेर आलेला पाय पुढचा होता. आतला मागचा. एका कोकराचा पुढचा आणि मागचा पाय असे शेजारी शेजारी येणं अवघडच. म्हणजे आत दोघं होती, दोघंही एकाच वेळी दारात आली होती, आणि शेजाऱ्याने ओढलं तेव्हा दोघंही एकमेकांत आणखी घट्ट बसली होती.

दख्खनी मेंढीला बहुधा एकच कोकरू होतं. आजीच्या घरी जुळी येण्याचं कारण तीन पिढ्यांमागे आणलेला एक मेंढा होता. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने बंगालच्या सुंदरबनातल्या गारोळ या छोट्याशा मेंढीतला एक जनुक दख्खनी मेंढ्यांत आणला आणि ‘नारी सुवर्णा’ नावाची जात तयार केली. तो जनुक म्हणजे ‘फेक-बी’. त्याची एक जरी प्रत आईकडे असली, तरी बीजकोशातून एका माजात जास्त बीजं सुटतात आणि जुळ्यांचं प्रमाण वाढतं. याच जनुकामुळे ऑस्ट्रेलियातल्या बूरुला मेरिनो मेंढ्या गाजल्या होत्या. अठराव्या शतकाच्या शेवटी बंगालमधून जहाजाने तिकडे गेलेल्या मेंढ्यांतून तो तिथे पोचला, असं पुढे उलगडलं. बंगालची मेंढी सिडनीला आधी गेली आणि फलटणला दोनशे वर्षांनी आली, याची मला नेहमी गंमत वाटते.

दोन कोकरं म्हणजे दुप्पट उत्पन्न, हे हिशोबाला बरोबर आहे. पण त्याच्याबरोबर दोन गोष्टी येतात. शेवटच्या दीड महिन्यात गर्भ झपाट्याने वाढतात, पोटात जागा उरत नाही आणि मेंढी पुरेसं खाऊ शकत नाही. मग ती स्वतःच्या अंगातली चरबी जाळू लागते, रक्तात कीटोन साठतात, मेंढी सुस्त होते, डोळ्यांना दिसेनासं होतं, भिंतीला डोकं टेकवून उभी राहते. अशा मेंढीला वाचवणं कठीण असतं. तिला शेवटचे सहा आठवडे मूठ-दोन मूठ भरडा रोज वाढवून देणं फार सोपं. दुसरी गोष्ट म्हणजे अशी गुंतागुंत, जिच्यात माझा हात त्या रात्री कोपरापर्यंत अडकला होता.

नियम असा, की एक पाय धरायचा आणि तो सोडायचा नाही. त्याच्यावरून बोटं सरकवत अंगापर्यंत जायचं, अंगावरून दुसऱ्या पायापर्यंत. दोन्ही पाय एकाच धडाला लागलेले आहेत, हे कळेपर्यंत ओढायचं नाही. मागच्या पायाचं कोकरू बाहेरच्या जवळ होतं, म्हणून आधी ते. पुढच्याला कळ थांबल्यावर तळहाताने छातीवर रेटून आत ढकललं. ढकलायचं ते कळ नसताना, नाहीतर गर्भाशय फाटतो. मग दुसरा मागचा पाय शोधला. तो पोटाखाली दुमडलेला होता. खूर मुठीत झाकून घेतला, कारण उघडा खूर आतल्या भिंतीला चिरतो, आणि हळूच बाहेर वळवला. दोन्ही पाय हातात आले तेव्हा कळ आली. मेंढीच्या मागच्या खुरांच्या दिशेने, खाली, तिच्या जोराबरोबर ओढलं. कोकरू आलं.

ते मेलेलं होतं. किती वेळापूर्वी ते सांगता आलं नसतं. अंग अजून ताजं होतं, डोळे बसलेले नव्हते. आजीने ते उचललं, पालथं घातलं, थोपटलं, आणि काही न बोलता पोत्यावर ठेवलं.

दुसऱ्याला वेळ लागला नाही. डोकं सरळ होतं, मागे राहिलेला एक पाय पुढे घेतला, दोन कळांत ते बाहेर पडलं. पण पडून राहिलं. जीभ निळसर. छाती हलत नव्हती, मात्र बोटांखाली ठोके लागत होते, आणि ठोके असतील तोवर काम चालू ठेवायचं. नाकातोंडातला बुळा बोटाने काढला, खरबरीत पोत्याने अंग जोरात चोळलं, कडब्याची काडी नाकपुडीत फिरवली. पूर्वी आम्ही कोकरू मागचे पाय धरून हवेत गरगर फिरवायचो. बघणाऱ्यांना ते फार आवडतं. पण त्याने बाहेर येतं ते बरंचसं पोटातलं पाणी, फुप्फुसातलं नव्हे, आणि एकदा हात सुटला की झालं. त्यापेक्षा त्याला छातीवर, पाय दुमडून, बसतं ठेवावं. म्हणजे दोन्ही फुप्फुसांना जागा मिळते. काडीच्या तिसऱ्या फेऱ्याला ते शिंकलं. मग एक मोठा, घरघरणारा श्वास.

कोकराचा हा पहिला श्वास माणसाच्या बाळांनाही उपयोगी पडला आहे. बाळंतपण कधी सुरू व्हायचं, हे आई ठरवते की पोटातलं मूल, हा जुना प्रश्न. अमेरिकेतल्या आयडाहोत 1950च्या दशकात मेंढपाळांना कपाळावर एकच डोळा असलेली कोकरं दिसू लागली. गाभण मेंढ्यांनी सुरुवातीच्या ठरावीक दिवसांत एक विशिष्ट रानटी झुडूप खाल्लं की असं व्हायचं. (त्यातल्या द्रव्याच्या अभ्यासातून पुढे त्वचेच्या एका कर्करोगावरच्या औषधाची वाट निघाली, पण ती वेगळीच कथा.) त्या गर्भांच्या मेंदूतली पिट्यूटरी ग्रंथी बिघडलेली असे, आणि अशा मेंढ्या दिवस उलटून गेले तरी विईनात. म्हणजे निरोप गर्भाकडून येत असला पाहिजे. न्यूझीलंडमधले प्रसूतितज्ज्ञ ग्रॅहॅम लिगिन्स यांनी मेंढ्यांवर हे तपासलं. गर्भाची ग्रंथी निकामी केली तर प्रसूती लांबते. गर्भाला कॉर्टिसॉलच्या जातीचं संप्रेरक दिलं, तर ती लवकर सुरू होते. हे करताना त्यांना एक कोकरू दिसलं. ते इतक्या लवकर जन्मलं होतं, की त्याच्या फुप्फुसांनी हवा धरायलाच नको होती. ते श्वास घेत होतं. दिलेल्या औषधाने फुप्फुसं वेळेआधी तयार केली होती.

त्यातून लिगिन्स आणि बालरोगतज्ज्ञ रॉस होवी यांनी ऑकलंडमध्ये मुदतीआधी कळा सुरू झालेल्या स्त्रियांवर चाचणी केली. 1972 साली निष्कर्ष आले: आईला स्टेरॉइडची इंजेक्शनं दिली, तर बाळाला श्वासाचा त्रास कमी होतो आणि मृत्यूही कमी होतात. तरीही जगभरच्या डॉक्टरांनी ते सर्रास वापरायला आणखी वीसेक वर्षं घेतली. आज आपल्या जिल्हा रुग्णालयांतही अशा आईला डेक्सामेथासोनची इंजेक्शनं देतात. ती घेणाऱ्या बाईला त्यामागे मेंढी आहे हे सांगायची काही गरज नाही, पण मला ते माहीत असणं आवडतं.

गोठ्यात आता पुढची घाई होती. नाळेचा लोंबता तुकडा टिंक्चर आयोडिनच्या छोट्या भांड्यात बुडवून काढला. इथे राख, हळद, शेण काहीही लावू नये. नाळ हा आत जाणारा उघडा रस्ता आहे, आणि धनुर्वाताचे जंतू मातीत-शेणातच राहतात. माणसांच्या बाळांबाबत हे आपण पुष्कळ मरणं बघून शिकलो. मेंढ्यांबाबत अजून शिकतो आहोत.

मग कोकरू मेंढीच्या तोंडाशी ठेवलं. ती एवढी दमलेली होती, की उठणार नाही असं वाटलं. पण तिने मान वळवली, हुंगलं आणि घशातून एक खालचा, गुरगुरल्यासारखा आवाज काढला. तो आवाज मेंढी एरवी काढत नाही, फक्त नवजात कोकराजवळ काढते. चाटायला सुरुवात झाली. जन्ममार्ग ताणला गेला की मज्जारज्जूतून मेंदूकडे संदेश जातो आणि तिथे ऑक्सिटोसिन सुटतं. पुढचे एक-दोन तास मेंढीचं नाक एक वास शिकायला तयार असतं. तो वास पक्का झाला, की दुसऱ्या कोणत्याही कोकराला ती लाथ मारते. एरिक केव्हर्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1983 साली दाखवलं, की तो ताण हाताने दिला तरी मेंढी परकं कोकरू स्वीकारते. जुन्या मेंढपाळांना हे वेगळ्या पद्धतीने ठाऊक होतं. पोरक्या कोकराला ते दुसऱ्या मेंढीच्या गर्भजलाने माखून तिच्यापुढे ठेवत.

याच ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन मेडिकलच्या दुकानातून आणून अडलेल्या मेंढीला टोचण्याची वाईट सवय आता गावोगाव आहे. आत कोकरू आडवं असेल किंवा तोंड उघडलेलंच नसेल, तर त्या इंजेक्शनाने गर्भाशय बंद दारावर धडका मारतो आणि फाटतो. शेजारच्याने पाय ओढला, याचा मला राग आला होता. त्याच्याकडे इंजेक्शन नव्हतं, याचं समाधानही वाटलं.

कास चोळून दोन्ही सडांतली मेणासारखी बुचं पिळून काढली आणि चीक आला. पिवळा, दाट. माणसाच्या बाळाला आईची प्रतिकारद्रव्यं बरीचशी पोटातच वारेतून मिळतात. मेंढीची वार ती पलीकडे जाऊ देत नाही. कोकरू या बाबतीत रिकाम्या हाताने जन्मतं. जे काही मिळायचं ते चिकातून, आणि तेही पहिल्या दिवसातच. त्यानंतर आतड्याचं अस्तर ते मोठे रेणू आत घेईनासं होतं. किलोमागे पन्नास मिलिलिटर पहिल्या दोन तासांत, आणि दिवसभरात त्याच्या चौपट. तीन किलोच्या कोकराला पहिल्या वेळी दीडशे, म्हणजे साधारण चहाचे दोन लहान कप. ‘पहिला चीक जड असतो, सांडून द्या’ असं अजून काही जण सांगतात. सांगणाऱ्याला त्याच चिकाचा खरवस मात्र चालतो.

थंडी होती. कोकराचा ताप मोजला, 38च्या थोडा वर. एकोणचाळीसच्या पुढे असायला हवा. 37च्या खाली गेलेल्या कोकराला तोंडाने दूध पाजू नये. त्याला गिळताही येत नाही आणि पोटही चालत नाही. आधी ऊब. याला आजीने घोंगडीत गुंडाळून छातीशी धरलं आणि वीस मिनिटांत ते तिचं बोट चोखू लागलं.

मेंढीला प्रतिजैविक दिलं, गूळपाणी दिलं. वार पहाटेपर्यंत पडेल म्हणून सांगितलं, आणि लोंबणाऱ्या वारेला दगड किंवा चप्पल बांधू नका, असंही. आजी हसली. म्हणजे बांधत असणार. मेलेलं कोकरू आणि वार खोल खड्ड्यात चुन्यासह पुरायची, कुत्र्याला द्यायची नाही, एवढं सांगून मी हात धुतले. तेव्हा आजी सहज बोलून गेली, ‘‘पंधरा दिसामागं एक गाभडली. ती हिनंच काढून उकिरड्यावर टाकली.’’

हिनंच म्हणजे सुनेनं. मी पुन्हा बसलो.

कळपात एखादी मेंढी गाभडली तर माणसं म्हणतात, कुत्र्याने घाबरवलं, शिंग लागलं. कधी तसंही असतं. पण शेवटच्या दोन महिन्यांत गाभडलेली मेंढी ही तपासणी होईपर्यंत सांसर्गिक समजावी. दुसऱ्या दिवशी सगळ्या मेंढ्यांचं रक्त घेतलं. सुनेला प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवलं, चिठ्ठीत सगळं लिहून. आणि चिठ्ठी लिहिताना आजीकडे बघून एक प्रश्न विचारला, जो खरं तर आधीच सुचायला हवा होता. गोठ्यात ती तीनदा कंबर धरून उठली होती.

‘‘आजी, ताप येतो का?’’

‘‘ताप कुटला? सांजचं जरा अंगात कसर असती. घाम येतो रात्री. सांधं धरल्यात. वय झालं.’’

‘‘किती दिवस?’’

‘‘दोन वर्सं असत्याल.’’

चढउतार होणारा ताप, रात्रीचा घाम, कंबर आणि सांधे. डेव्हिड ब्रूस या ब्रिटिश लष्करी डॉक्टरने 1887 साली माल्टा बेटावर या तापाचे जंतू वेगळे केले, म्हणून त्याचं नाव ब्रुसेला. तो कुठून येतो हे कळायला आणखी अठरा वर्षं लागली. 1905 साली थेमिस्टोक्लिस झामिट या माल्टाच्याच डॉक्टरने दाखवलं, की तो निरोगी दिसणाऱ्या शेळ्यांकडून येतो आणि त्यांच्या कच्च्या दुधातून माणसांत जातो. त्या शेळ्या दिवसभर माल्टाच्या रस्त्यांवरून दारोदार दूध देत फिरत होत्या.

चौदांपैकी दोन मेंढ्यांचं रक्त सदोष निघालं. एक गाभडलेली आणि दुसरी अगदी धडधाकट दिसणारी. अडलेली मेंढी त्यांत नव्हती. सुनेची तपासणी निर्दोष आली, काही आठवड्यांनी पुन्हा केली तेव्हाही. आजीची सदोष आली. वय झालं म्हणून तिने दोन वर्षं जे अंगावर काढलं, ते सहा आठवड्यांच्या दोन गोळ्यांचं दुखणं होतं, डॉक्सिसायक्लिन आणि रिफाम्पिसिनचं. पहिल्याच आठवड्यात तिने मला फोन करून लघवी लाल होते म्हणून शिव्या घातल्या. रिफाम्पिसिनने होते तशी, घाबरू नका, गोळ्या सोडू नका, म्हटलं.

माणसाला औषध आहे, मेंढीला देत बसत नाहीत. बाधित मेंढी कळपातून काढायची, आणि बाजारात दुसऱ्या कळपाला विकायची नाही. हे सांगणं सोपं आहे. दोन मेंढ्या म्हणजे त्या घराचा काही महिन्यांचा किराणा, आणि त्याची भरपाई मी खिशातून देणार नव्हतो. गाभडलेली तिने खाटकाला दिली, गर्भाशय आणि कासेला उघड्या हाताने शिवू नको असं त्याला बजावून. धडधाकट दिसणारीबद्दल मी दोन वेळा विचारलं. दोन्ही वेळा तिने चहा पुढे केला. तिसऱ्यांदा गेलो तेव्हा ती मेंढी वाघरीबाहेर वेगळी बांधलेली होती, आणि महिन्याभराने तीही खाटकाकडे गेली.

ज्यांच्या जवळपास पशुवैद्य नाही त्यांच्यासाठी 1962 हा टोल फ्री क्रमांक आहे, त्यावर फिरतं पथक येतं. रात्री कोण येईल याची खात्री मी देत नाही. म्हणून हंगामाआधी घरात थर्मामीटर, आयोडिन, हातमोजे आणि वंगणाची बाटली असावी. सगळं मिळून मेंढीच्या एका कातरणीच्या लोकरीएवढा खर्चही वाईट वाटावा, इतके लोकरीचे भाव पडलेत, हे मला ठाऊक आहे. पण एका कोकराच्या किमतीपुढे तो काहीच नाही.

माघात सुनेला मुलगी झाली. मी गेलो तेव्हा आजी उन्हात बसून दूध तापवत होती, पूर्ण उकळी येईपर्यंत. शेजारच्या वस्तीवरची एक मेंढी विताना तिला बोलावलं होतं, असं तिने सांगितलं. एक पाय मागे राहिलेला, तिने तो काढला. हातात काय घातलं होतं, मी विचारलं.

‘‘दुधाच्या पिशव्या,’’ ती म्हणाली. ‘‘मोजं तुमी दिल्यालं संपलं. येताना घिऊन या की.’’